रोपं सगळ्यात शेवटी आणा

फिशटँकमधली प्लास्टिकची झाडं काढून खरी लावायचं ठरलं, की पाय आधी दुकानाकडे वळतात. माझेही वळले होते. रोपं पिशवीत, आणि घरी ना वाळू धुतलेली, ना दिवा बसवलेला. म्हणून या यादीत रोपं शेवटी येतात.

हिशेब दोन फुटी टाकीचा धरलाय: 24 बाय 12 बाय 12 इंच, साधारण 55 लिटर पाणी. तळाला 2-3 मिलिमीटरची बारीक रेती, बादलीत निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली, मागच्या बाजूला दोन इंच जाडीची. समुद्राची वाळू नको, तिच्यातला शिंपल्यांचा चुरा पाणी जड करत राहतो. कुंडीतली माती आणि खत तर मुळीच नको. युरियातून अमोनिया तयार होतो आणि मासे जातात. क्लोरीन घालवणारे थेंब घरात हवेत. दिव्याला टायमर लावा, सुरुवातीला रोज सहा तास पुरे. उजेड जास्त झाला की रोपांच्या आधी शेवाळच फोफावतं, म्हणून टाकी खिडकीच्या उन्हातही नको. रोपांना कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सिलिंडर सध्या विसरा.

आता रोपं. अनुबियास आणि जावा फर्न ही नवशिक्याची जोडी. दोघांचं खोड आल्यासारखं आडवं असतं आणि ते रेतीत पुरलं की कुजतं. सगळ्यात जास्त रोपं याच चुकीने मरत असावीत. म्हणून आधीच एखादा दगड किंवा लाकडाचा तुकडा, सुती दोरा नाहीतर सुपरग्लू जवळ ठेवा आणि रोप त्यावर बांधा. व्हॅलिसनेरियाची मुळं मात्र रेतीतच खोचायची, पानं जिथून फुटतात तो पांढरा भाग वर ठेवून. शाळेत नरसाळ्याखाली बुडबुडे सोडणारी हायड्रिला आठवते? तीही चालते, झपाट्याने वाढते आणि पाण्यातला अमोनिया शोषून घेते. गोल्डफिश असतील तर ते कोवळं सगळं फस्त करतात. तिथे अनुबियासच्या चिवट पानांवर भिस्त ठेवा. लकी बांबू 'पाण्यातलं झाड' म्हणून गळ्यात मारतात, मीही घेतलाय. तो पूर्ण बुडवला की हळूहळू सडतो.

रोपं घरी आली की लगेच टाकीत टाकू नका. कुंडीतला करडा कापूस आणि जुडीला गुंडाळलेली शिशाची पट्टी काढा, पिवळी पानं कापा, पानांमागे गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट थेंब दिसले तर बोटाने पुसा. मग फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून नीट धुवा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पानं गळली, विरघळली, तरी उपटून फेकू नका. बरीच रोपं रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. ती जुनी पानं टाकून पाण्याखाली जगणारी नवी काढतात. खोड टणक असेल तर रोप जिवंत आहे.

आणि छाटलेल्या देठांसाठी एक बादली आत्ताच बाजूला काढा. ती देठं वाळवून कुंडीत घाला, ओढ्यात किंवा तळ्यात नाही; बाहेरची रोपं तिथे रुजून पसरू शकतात. मुळा-मुठेवर पसरणारी जलपर्णीसुद्धा मूळची दक्षिण अमेरिकेचीच.