दात किडायच्या आधीच धोका कसा ओळखायचा
डॉक्टरकडे जायला दात ठणकायची वाट बघू नका, कीड त्याच्या खूप आधी सुरू होते. दातावरच्या जंतूंच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं, अन् हेच ॲसिड मोजायला वॉशिंग्टन विद्यापीठाने ओ-पीएच नावाचं यंत्र बनवलंय, दातांना चमकणारा रंग (डाय) लावून एलईडी लाइट टाकायचा अन् साखरेच्या पाण्याने चूळ भरायच्या आधी आणि नंतर मोजायचं, भारीच कल्पना आहे. पण त्या यंत्राची वाट बघू नका. नाशिकला पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात किंवा जवळच्या डेंटिस्टला सरळ विचारा, लेझर फ्लोरोसन्सने (दातावर लेझर टाकून परत येणाऱ्या चमकेवरून कीड शोधणं) तपासता का, नसेल तर बाईटविंग एक्स-रे (दातांच्या मधली कीड दाखवणारा). लेझरने तपासायच्या आधी दात साफ हवेत, थर किंवा डाग असले की लेझरचं रीडिंग उगाच जास्त येतं. आणि पोरांना मनुक्यांसारखं गोड जेवणासोबतच द्या, दिवसभर चघळायला नको.