लाल खडकांतल्या वाटा: युटाच्या वाळवंटात चालायचं कसं

सह्याद्रीत वर्षानुवर्षं ट्रेक केलेली माणसं अमेरिकेतल्या दक्षिण युटात गेली की ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच अडकतात. आड येतात त्या सवयी. गडावर आधी चढ असतो, मग उतार. पाणी संपलं तर वर एखादं टाकं सापडतं, नाहीतर पायथ्याच्या वाडीत कुणीतरी तांब्या पुढे करतं. घामाने शर्ट चिंब झाला की थांबायची वेळ झाली हे आपोआप कळतं. युटातल्या वाळवंटात यातलं काहीच गृहीत धरू नका. तिथे कित्येक वाटा आधी उतरतात, पाणी जे पाठीवर असेल तेवढंच, आणि घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो.

पहिल्या खेपेला झायन, ब्राइस कॅन्यन आणि आर्चेस ही तीन राष्ट्रीय उद्यानं पुरेत. झायनला दोन दिवस, ब्राइसला एक, आर्चेसला दोन, शिवाय गाडीचे दिवस वेगळे. लास व्हेगासहून झायनच्या दारातलं स्प्रिंगडेल गाव सुमारे २६० किमी, पावणेतीन तासांचा रस्ता. नेवाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. सकाळची परमिटची वेळ गाठायची असेल तर हा तास हमखास घात करतो. झायन ते ब्राइस दोन तास, ब्राइसहून आर्चेसजवळच्या मोॲबला साडेचार तास धरा. त्या शेवटच्या टप्प्यात आय-७० महामार्गावर सलायना ते ग्रीन रिव्हर या सुमारे १७० किमीत पेट्रोल पंप नाही. टाकी सलायनालाच भरा. मोबाइलची रेंज तिन्ही उद्यानांत बेभरवशाची, म्हणून नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा.

महिना निवडताना एप्रिलचा उत्तरार्ध ते मे, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर. मुलांच्या सुट्टीमुळे जून-जुलैच जमत असेल तर झायन आणि मोॲबमध्ये ३८ अंशांच्या वरचं ऊन गृहीत धरा आणि पहाटे निघून दहाच्या आत परत या. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथेही मान्सून असतो. आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी ढग जमतात, अर्धा तास कोसळतात, आणि कोरडे ओढे एकदम भरून वाहू लागतात. विजेचाही धोका तेव्हाच.

पैशाचा हिशेब आई-बाबा भारतातून आले असतील तर बदलतो. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना झायन आणि ब्राइस इथे नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जादा आहेत. आर्चेस त्या यादीत नाही. हे नियम बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात उद्यानांच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. आर्चेसला गेली काही वर्षं हंगामात वेळ ठरवून प्रवेश घ्यावा लागत असे. त्याचीही तेव्हाच खात्री करून घ्या.

पाणी आणि मीठ

दिवसाला माणशी चार लिटर पाणी हा तिथला साधा हिशेब. उन्हाळ्यात चढावर तासाला एक लिटरही लागतं. एकच मोठी बाटली नेण्यापेक्षा एक-एक लिटरच्या बाटल्या बऱ्या, कारण किती संपलं ते डोळ्यांना दिसतं आणि एक फुटली तरी बाकीच्या राहतात. नळीच्या पिशवीचा तोटा असा की ती रिकामी झाल्याचं शेवटच्या घोटालाच कळतं.

नुसतं पाणी ढोसलं तर मात्र वेगळीच अडचण. रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. बरोबरचे लोक त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडते. खारे शेंगदाणे, भडंग, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, जलसंजीवनीची दोन पाकिटं: यातलं काहीतरी दर तासाला पोटात जाऊ द्या. धपाटे उत्तम टिकतात. चिक्कीचं मात्र उन्हात एक ढेकूळ होतं. कपाळावर आणि पिशवीच्या पट्ट्यांवर पांढरे डाग दिसू लागले की घाम भरपूर गेलाय असं समजा.

खडकाचा स्वभाव

आपला बेसॉल्ट ओला झाला की निसरडा होतो, कोरडा असताना भक्कम. इथला वालुकाश्म कोरडा असताना बुटाच्या रबराला इतका धरतो की उतरत्या कातळावरही सरळ चालत जाता येतं. घात होतो तो त्यावर सांडलेल्या वाळूमुळे. मोहरीच्या दाण्यांवर पाय पडावा तसा बूट सटकतो. पाऊस पडून गेल्यावर हा दगड आतूनही कमजोर होतो, हाताने धरलेली कड तुटून हातात येऊ शकते. चढताना सोपा वाटलेला कातळ उतरताना अंगावर येतो, म्हणून ज्या जागेवरून पाठीमागे बघून उतरणं डोळ्यांना पटत नाही तिथे चढूच नका.

वाटेबाहेर काळपट, पापुद्र्यासारखी खडबडीत माती दिसेल. ती सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल मिळून बनलेली जिवंत कवची आहे; वाळू धरून ठेवण्याचं काम तीच करते. एका पावलाने मोडलेला तुकडा भरून यायला दशकं लागतात. फोटोसाठी बाजूला व्हायचं तर उघड्या कातळावर किंवा ओढ्याच्या वाळूत व्हा.

झायन

शटलच्या हंगामात, म्हणजे ढोबळमानाने मार्च ते नोव्हेंबर, मुख्य घळीच्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद असतात. शटल फुकट आहे. पार्किंग सकाळीच भरतं. जागा न मिळाल्यास गाडी स्प्रिंगडेलमध्ये लावून गावातल्या शटलने या. परतीच्या शेवटच्या बसची वेळ फोनमध्ये टिपून ठेवा, कारण ती चुकली तर वरच्या टोकापासून तेरा-चौदा किमीची पायपीट.

एंजल्स लँडिंग: जाऊन-येऊन ८.७ किमी, चढ ४५३ मीटर. १ एप्रिल २०२२ पासून परमिट सोडतीनेच मिळतं. एक सोडत हंगामाआधी, दुसरी आदल्या दिवशी. दुसरीसाठी दुपारी ३ पर्यंत अर्ज करायचा, ४ ला निकाल. अर्जाचे ६ डॉलर परत मिळत नाहीत, परमिटचे माणशी ३ डॉलर वेगळे. ग्रोटो थांब्यावर उतरून २१ वळणांची वॉल्टर्स विगल्स चढली की स्काउट लुकआउट येतं. तिथपर्यंत परमिट लागत नाही, आणि उंचीची भीती असणाऱ्याने तिथून परत फिरण्यात कमीपणा काही नाही. पुढे अरुंद कण्यावर साखळ्या आहेत, दोन्ही बाजूंना सरळ कडा. हरिहरच्या पायऱ्यांवर रविवारी होते तशी कोंडी इथेही होते: वर जाणारे आणि खाली येणारे एकाच साखळीवर. रुंद जागा दिसली की थांबून समोरच्याला वाट द्या. ट्रेकिंग पोल पिशवीत बांधा, हात मोकळे हवेत. वारा जोराचा असेल किंवा कातळ ओला असेल तर परमिट खिशात असूनही जाऊ नका.

नॅरोज: इथे वाट म्हणजे नदीच. शेवटच्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक हा पक्का रस्ता दीड किमीपेक्षा थोडा जास्त, मग व्हर्जिन नदीच्या पात्रात उतरायचं. खालून वर बिग स्प्रिंगपर्यंत परमिटशिवाय जाता येतं. जाऊन-येऊन १५ किमी, पूर्ण दिवस. बहुतेकांनी दोन तास वर आणि तेवढ्यातच परत असा बेत करावा. प्रवाहाविरुद्ध वेग निम्म्यावर येतो.

निघण्याआधी विसर्ग बघा. १५० क्युसेकच्या वर गेला की वाट बंद करतात. खडकवासल्यातून हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण काही ठिकाणी ही घळ सहा-सात मीटरच रुंद आहे. ५० च्या आसपास बहुतेक ठिकाणी पाणी गुडघ्याच्या खाली-वर. ७० च्या पुढे ते ढकलू लागतं. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा कित्येक आठवडे वाट बंदच असते.

तळाशी गोलगरगरीत धोंडे आहेत, सँडल किंवा अनवाणी नकोच. स्प्रिंगडेलमध्ये पाण्यातले बूट, निओप्रीनचे मोजे आणि लाकडी काठी भाड्याने मिळते; तिन्ही घ्या. काठी नेहमी वरच्या अंगाला, प्रवाहाकडे रोवायची, मग एकच पाय हलवायचा. नदीत सायनोबॅक्टेरियाचं विष आढळलेलं आहे आणि ट्रेकला नेतात त्या फिल्टरने ते निघत नाही, म्हणून पिण्याचं पाणी सगळं बरोबर न्या.

अचानक येणाऱ्या पुराचा त्या दिवसाचा अंदाज माहिती केंद्रात लावलेला असतो. त्यावर पूर ‘संभाव्य’ वा ‘अपेक्षित’ लिहिलं असेल तर बेत बदला. डोक्यावर निळं आकाश असलं तरी पाऊस कित्येक किमी वर पडलेला असू शकतो. नितळ पाणी गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहत येणं, पातळी चढणं, वरून गडगडाट: यातलं एकही दिसलं-ऐकलं तर त्याच क्षणी जवळच्या उंच जागी चढा. पळून पुराला मागे टाकता येत नाही. दोन-चार मीटर उंचीही जीव वाचवते.

मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर रिव्हरसाइड वॉक तेवढा करा, तो छान सावलीचा आहे.

ब्राइस कॅन्यन

सनसेट पॉइंट सुमारे २४४० मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे गाडीतून उतरताच कळसूबाईच्या पाऊण किलोमीटर वर. धाप लागणारच, आणि एप्रिलमध्येही बर्फ असू शकतं.

क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप जोडून ४.६ किमी, दोन-तीन तास. सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनने उतरा आणि नवाहोने सनसेट पॉइंटला चढून या, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उद्यानाचीही तीच शिफारस आहे. नवाहोच्या वळणांची बाजू तीव्र आहे, सैल बारीक खड्यांवरून तिथे उतरताना घोटे मुरगळतात. पायाच्या दुखापतींचं इथलं मोठं कारण चुकीची पादत्राणं. घसाऱ्यावर चालतील असे खोल नक्षीचे बूट घाला.

उतरताना पाण्याचा एक तृतीयांशच वापरा, कारण खरं काम शेवटी आहे. नवाहोची वॉल स्ट्रीट ही उंच भिंतींमधली बाजू हिवाळ्यात बंद असते. तेव्हा टू ब्रिजेसची बाजू घ्या. (वॉल स्ट्रीट नावाची जागा नॅरोजमध्येही आहे. कुठे भेटायचं ते ठरवताना उद्यानाचं नावही सांगा.) ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी सनराइज ते सनसेट हा सुमारे ८०० मीटरचा कड्यावरचा पक्का रस्ता व्हीलचेअरलाही चालतो, आणि दगडी सुळक्यांची फौज तिथूनही पूर्ण दिसते.

आर्चेस

डेव्हिल्स गार्डनमधून लँडस्केप आर्चपर्यंतची सोपी वाट सकाळी उरका. कमानीची लांबी ९३ मीटर, मधला भाग अविश्वसनीय बारीक. १९९१ मध्ये तिच्या खालच्या बाजूचा मोठा तुकडा निखळला, तेव्हापासून तिच्याखाली जायला बंदी आहे. पुढे डबल ओ आर्चला जायचं तर कातळाच्या अरुंद पाठीवरून चालावं लागतं. लहान मुलांना तिथे नेऊ नका.

डेलिकेट आर्च जाऊन-येऊन ४.८ किमी, चढ १४६ मीटर. आकडे पर्वतीला जाऊन आल्यासारखे वाटतात आणि म्हणूनच लोक अर्धी बाटली घेऊन निघतात. सावली जवळजवळ शून्य. माणशी किमान दोन लिटर न्या. वुल्फ रँचच्या पार्किंगपासून सुरुवात सपाट, मग उघड्या कातळाचा लांबच लांब उतार चढायचा. इथे पायवाट उमटत नाही, दगडांच्या छोट्या रचलेल्या खुणा पाहत जायचं. एक खूण गाठली की पुढची दिसेपर्यंत पाऊल टाकू नका, आणि स्वतः नवीन खुणा रचू नका, मागच्यांची दिशाभूल होते. शेवटचे दोनेकशे मीटर कड्यात कोरलेल्या पट्टीवरून जातात. हिवाळ्यात तिथे बर्फ असतं, बुटांना काटे लावा.

कमान सूर्यास्ताला पेटल्यासारखी लाल दिसते, त्यामुळे संध्याकाळी गर्दी ठरलेलीच. सूर्य बुडाल्यावर त्या कातळावरच्या खुणा अर्ध्या तासात दिसेनाशा होतात. मोबाइलच्या उजेडात त्या सापडत नाहीत, हातही अडकतो. प्रत्येकाच्या डोक्याला हेडटॉर्च हवी, आणि चढताना दर पाच-दहा मिनिटांनी मागे वळून परतीची दिशा बघून ठेवा. उतरताना तोच कातळ वेगळा दिसतो.