मधली फळी रचताना आधी खेळाडू पाहावेत

फुटबॉलचे अनेक प्रशिक्षक हंगामाच्या सुरुवातीला फळ्यावर ४-४-२ किंवा ४-३-३ असे आकडे (अनुक्रमे बचाव, मधली फळी आणि आघाडीतील खेळाडूंची संख्या) लिहितात आणि मग त्या जागांवर नावे भरत जातात. मधल्या फळीच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. बचावपटूचे काम बऱ्याच अंशी त्याच्या जागेवरून ठरते. मधल्या फळीतील खेळाडूला मात्र दोन्ही दिशांना धावावे लागते, आणि तो स्वभावतः कोणत्या दिशेला ओढला जातो यावर त्याच्या शेजारच्या खेळाडूचे काम अवलंबून राहते.

हा स्वभाव ओळखण्यासाठी सरावात अर्ध्या मैदानावर सात-सात जणांचे सामने लावावेत आणि कोणालाही जागा ठरवून देऊ नये. आपल्या संघाकडून चेंडू गेला की त्या क्षणी प्रत्येक जण काय करतो, हे सर्वांत बारकाईने पाहावे. एखादा न सांगता मध्यभागी मागे येऊन उभा राहतो, एखादा चेंडू हिसकावण्यासाठी धाव घेतो, तर एखादा पुढेच थांबून पुढच्या पासची वाट पाहतो. यांतील कोणतीही सवय वाईट नाही, परंतु तिघांनाही एकच काम देणे चुकीचे आहे. त्यानंतर पास येण्याआधी कोण मान वळवून मागे पाहून घेतो, हे टिपावे. पाठीवर प्रतिस्पर्धी असतानाही वळू शकणारा खेळाडू त्यांच्या बचाव फळी आणि मधल्या फळीच्या दरम्यान खेळू शकतो. ज्याला समोर संपूर्ण मैदान दिसल्याशिवाय पास सुचत नाही, त्याला खालीच, म्हणजे आपल्या बचाव फळीजवळ ठेवावे. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणाचे पाय जड होतात आणि डावखुरे किती आहेत, याचीही नोंद असू द्यावी.

आता जोड्या जुळवाव्यात, कारण मधल्या फळीत दोन उत्तम खेळाडूंची बेरीज नेहमी उत्तम होतेच असे नाही. २००४ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडचे प्रशिक्षक स्वेन-योरान एरिक्सन यांनी ४-४-२ मध्ये फ्रँक लॅम्पार्ड आणि स्टीव्हन जेरार्ड यांना मध्यभागी खेळवले आणि मँचेस्टर युनायटेडसाठी मधून खेळणाऱ्या पॉल स्कोल्सला डाव्या बाजूला नेले. लॅम्पार्ड आणि जेरार्ड हे दोघेही पेनल्टी क्षेत्रापर्यंत धाव घेऊन गोल करणारे. एक पुढे गेला की दुसऱ्याला मनाविरुद्ध थांबावे लागे. संघ उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. पराभवाला इतर कारणेही होती; तरीही मधली फळी जुळवताना काय टाळावे, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

लगेचच्या २००४-०५ च्या हंगामात हाच लॅम्पार्ड चेल्सीकडून कसा खेळला, ते पाहावे. जोसे मोरिन्यो यांनी मधे तीन खेळाडू ठेवले आणि त्यांच्या तळाशी क्लोद माकेलेलेला उभे केले. माकेलेले जागा सोडत नसे, त्यामुळे लॅम्पार्डला पुढे जाताना मागे वळून पाहण्याची गरज उरली नाही. त्याने लीगमध्ये १३ गोल केले, आणि संपूर्ण हंगामात केवळ १५ गोल खाऊन चेल्सीने विजेतेपद मिळवले. म्हणून आपल्या संघात स्वतःहून मागे थांबणारा एक विश्वासू खेळाडू असेल, तर तिघांची मधली फळी निवडावी आणि उरलेल्या दोघांना मोकळे सोडावे. असा खेळाडू नसेल, तर कोणाला तरी बळेच त्या जागी बसवण्यापेक्षा बचाव फळीच्या पुढे दोघांना शेजारी-शेजारी ठेवून ४-२-३-१ खेळावे. त्यात जबाबदारी वाटली जाते आणि एकाची चूक दुसऱ्याला सावरता येते.

पास देणारे अनेक आणि विंगर, म्हणजे कडेने धावणारा आक्रमक, एकही नाही, अशा संघासाठी डायमंड योग्य ठरतो; त्यात मधल्या फळीतील चौघांपैकी एक तळाशी, दोन बाजूंना आणि एक पुढच्या टोकाला असतो. कार्लो आन्चेलोत्ती यांच्या एसी मिलानमध्ये तळाशी आंद्रेआ पिर्लो होता, जो मुळात आघाडीच्या मागे खेळून संधी निर्माण करणारा प्लेमेकर होता. २००१ मध्ये ब्रेशियाकडून खेळताना ती जागा रॉबेर्तो बाज्जोकडे असल्यामुळे प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला खाली आणले होते. त्याच्याकडे वेग आणि ताकद बेताचीच. ती उणीव मिलानमध्ये शेजारी धावणाऱ्या गात्तुझोने भरून काढली. या रचनेत मैदानाच्या बगला मात्र फुलबॅकवर, म्हणजे बचाव फळीतील कडेच्या खेळाडूंवर सोपवलेल्या असतात. नव्वद मिनिटे वर-खाली धावू शकणारे फुलबॅक नसतील, तर डायमंडच्या वाटेला जाऊ नये.

सामना सुरू झाल्यावर रचना बदलायची की नाही, हेही खेळाडूंकडे पाहूनच ठरवावे. २००५ च्या इस्तंबूलमधील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मिलान ३-० ने पुढे होता, कारण डायमंडच्या टोकाला असलेल्या काका या ब्राझिलियन खेळाडूला लिव्हरपूलच्या दोन फळ्यांमध्ये मोकळी जागा मिळत होती. लिव्हरपूलचे प्रशिक्षक राफाएल बेनीतेझ यांनी मध्यंतरात फुलबॅक फिननच्या जागी मधल्या फळीतील डिटमार हामानला आणून ती जागा बंद केली आणि जेरार्डला पुढे जाण्याची मुभा दिली. ५४ व्या मिनिटाला डावीकडून आलेल्या क्रॉसवर जेरार्डने हेडरने गोल केला, सहा मिनिटांत ३-३ अशी बरोबरी झाली आणि अखेर लिव्हरपूलने शूटआउटमध्ये चषक जिंकला. बगल आणि मध्य, दोन्ही ठिकाणी डायमंड कसा उघडा पडू शकतो, हे त्या सहा मिनिटांत दिसते.

स्थानिक संघांसाठी एक सूचना महत्त्वाची वाटते, कारण तेथे नोकरी, परीक्षा किंवा दुखापत यांमुळे ऐनवेळी खेळाडू गैरहजर राहतात. तळाशी खेळणारा खेळाडू आला नाही, तर त्याची जागा भरण्यासाठी पुढे धावणाऱ्या खेळाडूला खाली ओढू नये. त्या दिवसापुरती रचनाच बदलून दोघांना तळाशी ठेवावे. ही पर्यायी रचना दर आठवड्याच्या सरावात किमान वीस मिनिटे खेळून घ्यावी आणि सामन्याच्या आदल्या दिवशी नेहमीच्या आणि पर्यायी रचनेच्या दोन्ही याद्या खेळाडूंच्या हातात द्याव्यात.