उताऱ्यावरचे प्रश्न: मूल उत्तर लिहितं, पण वाचत नाही. या चुका टाळा

'गडबीर टिंबूने सरपडीत तीन कोंबुले खिरपले.'

कोणी खिरपले? किती? कुठे? तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरं तुम्हाला आत्ता लिहिता येतील, आणि वाक्याला तर काही अर्थच नाही. मराठीतले प्रत्यय हे काम सोपं करून देतात. 'ने' दिसला की 'कोणी'चं उत्तर सापडतं, 'त' दिसला की 'कुठे'चं. तिसरी-चौथीतलं मूल ही युक्ती कुणी न शिकवता उचलतं. वही बरोबरच्या खुणांनी भरते, आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा उतारा समोर आला की तेच मूल अडकतं. मग 'सराव कमी पडला' असं म्हणून आणखी तसेच उतारे दिले जातात. सराव भरपूर झालेला असतो. तो शोधून उतरवण्याचा असतो, समजून घेण्याचा नाही.

पुढचं सगळं तिसरी ते सहावीच्या वर्गासाठी आहे. उतारे छोटे, साधारण ८० ते २०० शब्दांचे, गोष्टीचे आणि माहितीचे.

वाक्य उलटवून प्रश्न काढणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा थांबू या. हा छोटा उतारा पाहा:

'आजीने शेंगा भाजायला घेतल्या तेव्हा सुमी दारातच उभी होती. "ये ना आत," आजी म्हणाली. सुमीने आपल्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. जमीन नुकतीच सारवलेली होती. आजीने कोपऱ्यातलं पोतं तिच्या पुढ्यात टाकलं. "याच्यावर पाय ठेवून ये."'

'आजीने काय भाजायला घेतलं?' हा प्रश्न टिंबूच्या जातीचा. 'सुमी आत का आली नाही?' हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कुठल्याही एका वाक्यात नाही. पायांकडे पाहणं, सारवलेली जमीन आणि पोतं या तीन गोष्टी जोडल्या की कळतं: सुमीचे पाय ओले किंवा चिखलाचे आहेत आणि सारवण खराब होईल याची तिला काळजी आहे. उताऱ्यात चिखल हा शब्द नाही, पाऊसही नाही. 'याच्यावर म्हणजे कशावर?' हा प्रश्न मोठ्यांना फार सोपा वाटतो, पण मुलांची बरीच गफलत 'तो, ती, याने, त्यामुळे' अशा शब्दांपाशीच होते. आणि 'आजी सुमीवर रागावली आहे का? कशावरून?' यात 'कशावरून' सर्वांत महत्त्वाचं.

प्रश्न लिहून झाल्यावर दोन चाचण्या लावा. उताऱ्यातली नामं आणि क्रियापदं बदलून निरर्थक शब्द घातले तरी प्रश्न सुटतो का? सुटत असेल तर तो फक्त शोधायला लावतो. उतारा झाकून ठेवला तरी उत्तर देता येतं का? 'झाडे का लावावीत?' हा प्रश्न कुठल्याही उताऱ्याखाली चालतो, म्हणून तो काढून टाका. पाच प्रश्नांत एक थेट शोधण्याचा पुरे. तीन प्रश्न दोन-तीन वाक्यं जोडायला लावणारे हवेत आणि एक एखाद्या शब्दावर किंवा सर्वनामावर. प्रत्येक प्रश्नाचं अपेक्षित उत्तर आणि उताऱ्यातले त्याचे आधाराचे शब्द आधी स्वतः लिहून पाहा. आधार सापडत नसेल तर चूक प्रश्नात आहे.

अडचण वाचण्याची की समजण्याची, हे न तपासणं

गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. आकलन म्हणजे अक्षरं ओळखून वाचता येणं आणि ऐकलेली भाषा समजणं, यांचा गुणाकार. बेरीज नाही. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही चांगली असली तरी हाती काही लागत नाही.

म्हणून अडणाऱ्या मुलाला एकेकटं बसवून १०० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला द्या आणि चुकलेले, सोडलेले शब्द मोजा. दहापेक्षा जास्त झाले तर तो उतारा त्याच्यासाठी जड आहे. त्यावर आकलनाचे प्रश्न विचारून काही कळणार नाही. मग त्याच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा. ऐकून नीट उत्तरं देत असेल तर काम जोडाक्षरांवर, रफारावर, वाचनाच्या ओघावर करायचं आहे. ऐकूनही गोंधळत असेल तर शब्दसंपत्ती आणि वाक्यरचना कच्ची आहे. तिथे तोंडी गोष्टी, गप्पा आणि वाचून दाखवणं वाढवायला हवं. दोन्ही मुलांना एकच 'जादा तास' दिला तर एकाचा तरी वेळ फुकट जातो.

घरी अहिराणी, कोरकू, गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाने उत्तर घरच्या बोलीत किंवा मिसळून दिलं तर आधी आशय बरोबर आहे का ते बघा. प्रमाण मराठीतलं वाक्य त्यानंतर सगळ्यांनी मिळून बनवता येतं. आशयालाच चूक ठरवलं तर मूल पुढच्या वेळी उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवतं, कारण ते सुरक्षित असतं.

उतारा 'सोपा' करताना अवघड करणं

लांब वाक्यं तोडली की उतारा सोपा होतो, असा समज आहे. 'पाऊस लांबला, म्हणून पेरणी उशिरा झाली. तरी पीक बरं आलं' या वाक्याचे 'पाऊस लांबला. पेरणी उशिरा झाली. पीक बरं आलं.' असे तुकडे केले की 'म्हणून' आणि 'तरी' गेले. आता कारण आणि विरोध मुलाने स्वतःच ओळखायचे. शब्द कमी झाले, काम वाढलं. नवखा वाचक त्या तीन वाक्यांना तीन सुट्या बातम्या समजतो. 'म्हणून, कारण, पण, तरी, मात्र, तोपर्यंत' हे शब्द राखा. उलट त्यांच्याभोवती गोल करायला सांगा आणि विचारा, 'तरी'च्या आधी काय होईल असं वाटत होतं?

गोष्ट छोटी करताना पात्राला काय हवं होतं ते वाक्य कधीच कापू नका. ते गेलं की नुसत्या घटना उरतात आणि 'का' विचारायला जागा राहत नाही. मुळातच छोटा मजकूर घेतलेला बरा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी खुल्या परवान्यावर मिळतात, त्यामुळे छापून वाटायलाही अडचण नाही.

गोष्टीलाही तात्पर्य, माहितीलाही तात्पर्य

गोष्ट संपल्या संपल्या 'यातून काय बोध घ्याल?' विचारलं की मुलं 'नेहमी खरे बोलावे' छापाचं ठरलेलं वाक्य देतात. ते बहुतेक गोष्टींना चिकटतं. गोष्टीत आधी पात्राला काय हवं होतं, आड काय आलं, शेवटी त्याच्यात काय बदललं, हे विचारा. तात्पर्य विचारायचंच असेल तर सर्वांत शेवटी, आणि त्याला गोष्टीतल्या घटनेचा आधार मागून.

माहितीच्या उताऱ्याची घडण वेगळी. उदाहरणार्थ:

'लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात ते आहे. त्याचं पाणी खारट आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी दिसू लागलं. उन्हाळ्यात पाणी आटलं होतं, त्यामुळे खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्यातल्या रंगद्रव्याने पाण्याला तो रंग आला.'

यावर 'लोणार कोणत्या जिल्ह्यात आहे?' विचारून थांबणं म्हणजे हाती आलेला उतारा वाया घालवणं. चार चिठ्ठ्या करा: पाणी आटलं, खारटपणा वाढला, सूक्ष्मजीव वाढले, पाणी गुलाबी दिसलं. जोडीने क्रम लावू द्या आणि प्रत्येक दोन चिठ्ठ्यांमध्ये 'त्यामुळे' म्हणून वाचू द्या. मग विचारा: चांगला पाऊस पडून सरोवरात पाणी वाढलं तर रंगाचं काय होईल? उताऱ्यात हे कुठेच लिहिलेलं नाही, पण साखळी समजलेलं मूल ती उलटी फिरवून सांगतं. न समजलेलं मूल 'पाणी गुलाबी होईल' म्हणतं.

आधी सगळंच सांगून टाकणं

फळ्यावर पंधरा शब्दार्थ, मग उताऱ्याचा सारांश, मग वाचन. एवढं झाल्यावर मुलाला वाचायचं कारणच उरत नाही. ज्यांच्यावाचून अडेल असे दोन-तीन शब्दच आधी सांगा. लोणारसाठी 'उल्का' आणि 'विवर' पुरेत. 'रंगद्रव्य' तर वाक्यावरूनच ओळखू द्या.

पूर्वज्ञानाला मात्र वेळ द्यायलाच हवा. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे कबड्डीचा उतारा घेतला आणि 'लोण' कशाला म्हणतात हेच माहीत नसेल, तर हुशार मूलही चाचपडेल. विषयावर तीन-चार मिनिटं बोला, चित्र किंवा नकाशा दाखवा. उताऱ्यातली घटना सांगू नका.

एकेकाने एकेक ओळ वाचणं

मूल आपली ओळ कुठली येणार ते मोजतं, तेवढीच मनात घोकतं, वाचून झालं की सुटतं. पूर्ण उतारा कुणीच वाचत नाही. आधी सगळ्यांनी मनात, मग तुम्ही एकदा नीट चढ-उतारांसह, मग जोड्यांमध्ये एकमेकांना.

चुकलेल्या उत्तरावर नुसती फुली मारणं

सुमी आत का आली नाही? 'तिला शेंगा आवडत नाहीत': हे मूल उतारा सोडून अंदाजाने बोलतं आहे. 'कुठल्या शब्दांवरून?' विचारा आणि तिथे रेघ मारायला लावा. 'आजी म्हणाली ये ना आत': याने प्रश्नातला 'आत' हा शब्द उताऱ्यात शोधला आणि ते वाक्य उचललं. त्याला प्रश्न स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगायला लावा. 'जमीन सारवलेली होती': हे जवळ आलंय, फक्त अर्ध्यावर थांबलंय. 'मग काय झालं असतं?' एवढंच पुरतं. 'तिने पोतं टाकलं म्हणून': पोतं कुणी टाकलं यात गोंधळ आहे, कारण 'तिच्या' कुणासाठी आलंय ते सुटलं. सर्वनामापासून नावापर्यंत बाण काढायला सांगा. एकच फुली या चौघांनाही काही सांगत नाही.

बहुपर्यायी प्रश्न तयार करताना बरोबर उत्तरासोबत यातल्याच तीन चुका पर्याय म्हणून वापरा, म्हणजे कोणता पर्याय निवडला यावरूनच कारण कळेल. चारही पर्याय साधारण सारख्या लांबीचे ठेवा. सर्वांत लांब तो बरोबर, हे मुलांना लवकर उमगतं.

रोज नवा उतारा घेण्यापेक्षा एक उतारा तीन दिवस चालवा: पहिल्या दिवशी वाचन आणि तोंडी प्रश्न, दुसऱ्या दिवशी आधाराला रेघा मारून लेखी उत्तरं, तिसऱ्या दिवशी मुलांनीच एकमेकांसाठी प्रश्न काढायचे. तिसऱ्या दिवसासाठी एकच अट ठेवा: उत्तर एका वाक्यात सापडता कामा नये.