एका फर्मवर बंदी, दुसरीचं टेंडर बाद: ठेकेदारांनो, या चुका टाळा

माझ्या टेबलावर दोन लेटरहेड शेजारी शेजारी ठेवलेली होती. फर्मची नावं वेगळी, पॅन वेगळा, जीएसटी नंबर वेगळा. पण खाली छापलेला मोबाइल नंबर एकच. पत्ताही एकच, फक्त एकावर ‘तळमजला’ आणि दुसऱ्यावर ‘पहिला मजला’. पहिल्या फर्मवर सहा महिन्यांपूर्वी एका केंद्रीय खात्याने टेंडर भरायला बंदी घातली होती. दुसऱ्या फर्मचा मालक म्हणजे पहिलीच्या मालकाचा पुतण्या. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, कामाला चोख. तो मला विचारत होता, “साहेब, काकांच्या फर्मचा माझ्याशी काय संबंध? माझं टेंडर टेक्निकलमध्येच कसं उडवलं?” टेक्निकलमध्ये म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रतेच्या तपासणीत.

टेंडरच्या आणि नोंदणीच्या फायली तयार करून देणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांत सराईत लबाड फार थोडे असतात. बहुतेकांना खरोखरच वाटत असतं की फर्म वेगळी म्हणजे विषय संपला. या गैरसमजापायी चांगल्या माणसांची दोन-दोन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवी पाटी, जुनीच माणसं

केंद्र सरकारच्या खर्च विभागाने २ नोव्हेंबर २०२१ रोजी बंदीबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ‘संलग्न फर्म’ कोणती हे सांगितलं आहे. व्यवस्थापन एकच आहे का? बंदी आलेल्या फर्मचे भागीदार किंवा संचालक दुसरीकडे बहुमताने कारभार पाहतात का? शेअर कुणाकडे आहेत, आणि त्या जोरावर निर्णय कोण घेतं? एक फर्म दुसरीवर थेट किंवा आडून ताबा ठेवून आहे का? आणि जुन्या फर्मची वारस म्हणून उभी राहिलेली फर्मही संलग्नच. मूळ फर्मवर बंदी आली की ती संलग्न फर्मना आपोआप लागू होते, वेगळ्या आदेशाची वाट पाहिली जात नाही.

यात ‘नातेवाईक’ हा शब्द नाही. काका-पुतण्या असणं हा गुन्हा नव्हे. पण एकच ऑफिस, एकच फोन, एकाच लॅपटॉपवरून भरलेली टेंडरं, एकाची डिजिटल सिग्नेचर दुसऱ्याच्या कपाटात, पुतण्याच्या खात्यावर काकांना सहीचा अधिकार, हे सगळं एकत्र आलं की ताबा कुणाचा ते तपासणाऱ्याला दिसतंच. प्रोप्रायटरची, म्हणजे एकट्या मालकाची, गोष्ट आणखी सरळ आहे. प्रोप्रायटरी फर्म आणि तिचा मालक कायद्याने एकच, त्यामुळे नाव बदलून काहीही बदलत नाही.

राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका यांच्याकडे टेंडरच्या आणि नोंदणीच्या स्वतःच्या अटी असतात. केंद्राची व्याख्या तिथे जशीच्या तशी लागू होईल असं धरून चालू नका, आणि लागू होणार नाही असंही धरू नका. टेंडरच्या कागदात ‘सिस्टर कन्सर्न’ (म्हणजे संलग्न फर्म), ‘भागीदार’, ‘काळी यादी’ हे शब्द शोधा आणि ते कलम शब्द न् शब्द वाचा.

फर्म सोडली, पण कागदावर नाही

सगळ्यात जास्त घात इथे होतो. पुतण्याने दुसरी फाइल उघडली तेव्हा मला खरं कारण कळलं. कॉलेजात असताना काकांनी त्याला दहा टक्क्यांचा भागीदार करून घेतलं होतं. स्वतःचं काम सुरू करताना त्याने निवृत्तीचा करारनामा केला. स्टॅम्प पेपर, नोटरी, दोन साक्षीदार, सगळं व्यवस्थित. तारीख बंदीच्या बरीच आधीची. मी विचारलं, “रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे दिला का?” तो म्हणाला, “नोटरी केली ना!”

नोटरीने फक्त सही खरी ठरते. भागीदार निवृत्त झाला ही गोष्ट जगाला त्यातून कळत नाही. भारतीय भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ३२ प्रमाणे जाहीर सूचना दिली जाईपर्यंत निवृत्त भागीदाराची तिऱ्हाइतांपुढची जबाबदारी संपत नाही. ही सूचना कशी द्यायची ते कलम ७२ मध्ये आहे. नोंदणीकृत फर्म असेल तर रजिस्ट्रारकडे कळवायचं, शासकीय राजपत्रात द्यायचं आणि फर्मचं मुख्य ठिकाण ज्या जिल्ह्यात आहे तिथे चालणाऱ्या निदान एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात छापायचं. तिन्ही हवं. अधिकाऱ्याने फर्मचा उतारा काढला तेव्हा त्यात पुतण्याचं नाव भागीदार म्हणून होतं. त्याच्या कपाटातला करारनामा अधिकाऱ्याला दिसणार कसा?

कंपनी असेल तर संचालकाचा राजीनामा कंपनीने ३० दिवसांत डीआयआर-१२ फॉर्मने कंपनी रजिस्ट्रारला कळवायचा असतो. कंपनी टाळाटाळ करत असेल तर संचालकाला स्वतः डीआयआर-११ भरता येतो. भावाभावात वाजलेलं असेल तर हा फॉर्म त्याच आठवड्यात भरा, समोरच्यावर विसंबू नका. मात्र राजीनामा देऊन मागचं पुसलं जात नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ प्रमाणे आपल्या कारकिर्दीत घडलेल्या गुन्ह्यांबद्दल संचालक नंतरही जबाबदार राहतो.

सीपीडब्ल्यूडी, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागासारख्या खात्यात नोंदणी असेल तर फर्मची रचना बदलण्याआधी त्यांची परवानगी लागते. आधी भागीदार बदलायचा आणि नूतनीकरणाच्या वेळी सांगायचं, हे तिथे चालत नाही. बंदी आलेला किंवा नोंदणी काढून घेतलेला माणूस ज्या फर्ममध्ये भागीदार आहे तिच्या नोंदणीलाही तिथे अडथळा येतो, म्हणून नवा भागीदार घेण्याआधी त्याचा मागचा इतिहास विचारा. विचारायला संकोच वाटतो, विशेषतः तो सासरकडचा असला तर. तरी विचारा, आणि त्याच्याकडून लेखी घ्या.

‘आमच्यावर कुठेही बंदी नाही’ या छापील ओळीखाली सही

प्रतिज्ञापत्राचा नमुना टेंडरसोबत येतो, ऑफिसातला मुलगा नाव टाकून प्रिंट काढतो, मालक सही करतो. ती ओळ मात्र नीट वाचायला हवी. काही नमुन्यांत फक्त फर्मबद्दल लिहिलेलं असतं, काहींत भागीदार, संचालक आणि संलग्न फर्म सगळेच येतात. केंद्राच्या वित्तीय नियमावलीचा, म्हणजे जीएफआर २०१७ चा नियम १७५ सांगतो की गेल्या तीन वर्षांत सचोटीच्या संहितेचा (लाच, संगनमत, खोटी माहिती यांना मनाई करणाऱ्या नियमांचा) भंग झाला असेल किंवा दुसऱ्या कुठल्या खरेदीदार संस्थेने बंदी घातली असेल तर बोलीदाराने ते स्वतःहून सांगायचं.

बंदी असलेल्या फर्मची बोली आली तर २०२१ च्या सूचनांप्रमाणे ती विचारात घेतली जात नाही आणि टेंडरसोबत भरलेली बयाणा रक्कम परत मिळते. नुकसान तिथेच थांबतं. खोट्या प्रतिज्ञापत्राने मात्र नवं प्रकरण उभं राहतं. आजवर काकांच्या फर्मचं झेंगट होतं, आता तुमच्या स्वतःच्या नावावर माहिती दडवल्याचा ठपका बसतो, आणि त्यावर जीएफआरच्याच नियम १५१ खाली दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. म्हणून संबंध असेल किंवा कधीकाळी होता, तर वेगळ्या पत्रात लिहा: कोणती फर्म, आपण तिथे कोण होतो, कोणत्या तारखेला बाहेर पडलो, पुरावा कोणता. असं पत्र लावलं म्हणून बाद झालेली फाइल माझ्या तरी पाहण्यात नाही.

जॉइंट व्हेंचरवाल्यांसाठी (जेव्ही, म्हणजे दोन-तीन फर्मनी मिळून काम घेणं) एवढंच: जेव्हीवर बंदी आली तर त्या मुदतीपुरती ती सगळ्या भागीदारांवर येते, तुमचा हिस्सा किती होता ते पाहिलं जात नाही. आणि आपली नोंदणी दुसऱ्याला वापरायला देणं, मुखत्यारपत्र करून काम दुसऱ्यावर सोपवणं, हे तर करूच नका. बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी मिळालेली किती तरी मुलं दोन-तीन टक्के कमिशनसाठी हे करतात. साइटवर स्लॅब खचला की नोटीस त्या मुलाच्या नावाने निघते.

नोटिशीला फोनवर उत्तर

“साहेबांशी बोलणं झालंय, काही होत नाही,” हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते. नोटिशीचं उत्तर लेखीच द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. ऐकून घेतल्याशिवाय काळ्या यादीत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एरुशियन इक्विपमेंट प्रकरणात १९७४ मध्येच सांगितलं. गोरखा सिक्युरिटी प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं: काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे नोटिशीतून स्पष्ट कळायला हवं. म्हणून नोटीस आली की आधी पाहा, तिच्यात फक्त दंडाचा उल्लेख आहे की बंदीचाही. तुमच्या फर्मला संलग्न म्हणून धरलं असेल तर कोणत्या आधारावर, ते विचारा आणि त्या एकेका मुद्द्याला कागदाने उत्तर द्या. ‘आमची बदनामी होत आहे’ असली वाक्यं दोन पानं भरून लिहू नका. अधिकाऱ्याला शेअरची टक्केवारी, बँकेचा दाखला आणि रजिस्ट्रारचा उतारा हवा असतो.

आदेश आलाच तर त्याची मुदत पाहा. बेमुदत बंदी सहसा न्यायालयात टिकत नाही. भुवनेश्वरला २०१७ मध्ये बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळून एक माणूस गेला, तिथेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायमची बंदी पाच वर्षांवर आणली. आणि आदेश आला म्हणून हातातली कामं सोडून जाऊ नका. केंद्राच्या सूचनांप्रमाणे आदेशाआधी झालेल्या करारांना बंदीमुळे धक्का लागत नाही. काम अर्धवट टाकलंत तर तो वेगळा करारभंग ठरेल.

पुतण्याने आम्ही ठरवलं तसं केलं. रजिस्ट्रारकडे नोंद, राजपत्र, जिल्ह्यातल्या दैनिकात जाहिरात. ऑफिस बाजारपेठेत हलवलं, नवा नंबर घेतला, बँकेतला काकांचा सहीचा अधिकार काढला. शेवटचं त्याला जड गेलं, दोन दिवस तो काकांशी बोलू शकला नाही. काकांनीच मग फोन करून त्याला बोलावलं आणि फॉर्मवर सही केली. पुढच्या टेंडरला पहिल्याच पानावर आम्ही सगळा खुलासा जोडला. टेक्निकलचं पाकीट उघडलं तेव्हा पात्र ठेकेदारांच्या यादीत त्याचं नाव होतं. काम दुसऱ्याला गेलं, त्याचा दर कमी होता.