झाड रंगवायला घेण्याआधी

डीएनएच्या अनुक्रमांवरून जातींच्या नात्याचं झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढणारं आयक्यूट्री रात्रभर चाललं, सकाळी फोल्डरमध्ये त्या झाडाची ट्रीफाइल दिसली, की हात लगेच झाड दाखवणाऱ्या फिगट्रीकडे जातो. जरा थांबा. आधी त्या फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइल केवळ वाचनापुरती करून ठेवा. झाडावर जे काही कराल ते प्रतीवर. फिगट्रीला जावा हे सॉफ्टवेअर लागतं; नव्या लॅपटॉपवर ते आहे ना, हे सादरीकरणाच्या आदल्या रात्री नको, आजच बघा.

मग तीच फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. समोर कंस, स्वल्पविराम, विसर्गचिन्हं (:) आणि शेवटी अर्धविराम (;) दिसेल. हाच न्यूविक फॉरमॅट. १९८६ साली काही संशोधकांनी अमेरिकेतल्या डोव्हर गावच्या न्यूविक नावाच्या हॉटेलात लॉबस्टर खाता खाता तो पक्का केला, म्हणून नावही हॉटेलाचंच. ही चिन्हं म्हणजे इथलं व्याकरण, त्यामुळे नमुन्याच्या नावात कंस किंवा विसर्गचिन्ह शिरलं तर झाड उघडत नाही, किंवा उघडतं पण भलतंच, आणि ते जास्त वाईट. मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर वापरा. अनुक्रम साठवण्याच्या जुन्या फायलिप फॉरमॅटमध्ये नावाला दहाच अक्षरं मिळतात. सह्याद्रीतल्या निमास्पिस पालींचे चाळीस नमुने असतील, तर त्यात सगळ्यांची नावं ‘निमास्पिस’वरच संपतात. माझं तसंच झालं होतं, आणि कोणता नमुना आंबोलीचा हे शोधण्यात अख्खा शनिवार गेला. तेव्हापासून मी दोन रकान्यांचा तक्ता आधी बनवतो: एकात छोटा कोड, दुसऱ्यात जातीचं नाव, ठिकाण आणि जेनबँक या अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहातला क्रमांक. आयटॉल या झाडं सजवण्याच्या संकेतस्थळाला असा तक्ता मजकूर-फाइल म्हणून दिला की शेंड्यांची नावं एकदम बदलतात. एकेक नाव हाताने बदलू नका, विसाव्या नावाला डोळा चुकतोच.

आता मूळ, म्हणजे सगळ्यांच्या समान पूर्वजाची जागा. आयक्यूट्रीचं झाड सहसा मूळ नसलेलंच असतं. पडद्यावर डावीकडे जे टोक दिसतं ते फक्त चित्रापुरतं. मूळ ठरतं ते बाह्यगटावरून, म्हणजे अभ्यासातल्या गटाबाहेरच्या पण नात्यातल्या जातींवरून. तो कोणता, हे झाड बघून ठरवायचं नसतं, अनुक्रम गोळा करतानाच ठरवायचं असतं, आणि शक्यतो एकाहून जास्त जाती घ्यायच्या. बाह्यगटच नसेल तर एकमेकांपासून सगळ्यात लांबच्या दोन शेंड्यांच्या मध्यबिंदूवर मूळ धरता येतं, पण त्यात सगळ्या फांद्यांवर बदल साधारण सारख्या वेगाने झाले असं गृहीत असतं. माझ्या मते तो नाइलाजाचा मार्ग.

मूळ बदलताना सगळ्यात मोठा धोका गाठींवरच्या, म्हणजे फांद्या फुटतात तिथल्या, आकड्यांना असतो, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. बूटस्ट्रॅपचा, म्हणजे माहितीतून पुन्हापुन्हा नमुने घेऊन किती आधार मिळतो ते सांगणारा, आकडा खरं तर फांदीचा, म्हणजे झाडाचे दोन भाग करणाऱ्या छेदाचा. न्यूविकमध्ये मात्र तो गाठीचं नाव म्हणून लिहिलेला असतो. मूळ हलवलं की काही सॉफ्टवेअरमध्ये आकडा गाठीला चिकटून राहतो आणि शेजारच्या फांदीचा होऊन बसतो. चेक, ह्युर्ता-सेपास आणि स्टामाटाकिस या संशोधकांनी २०१७ साली यावर एक अख्खा लेखच लिहिला. गडबड होते ती जुन्या आणि नव्या मुळाच्या मधल्या वाटेवर. म्हणून मूळ बदलण्याआधी त्या वाटेवरच्या तीन-चार गटांचे आकडे कागदावर उतरवा आणि नंतर ताडून बघा. फिगट्री फाइल उघडताना या आकड्यांना काय नाव द्यायचं हे विचारतं. तिथे डोळे मिटून ओके दाबू नका. आकडा कोणत्या पद्धतीचा आहे तेही लिहून ठेवा: साध्या बूटस्ट्रॅपमध्ये ७० ला बरा आधार म्हणण्याची रीत आहे, पण आयक्यूट्रीच्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये ९५ च्या खाली भरवसा धरत नाहीत. ‘९८.५/१००’ असे जोड आकडे असतील तर पहिला एसएच-एएलआरटी या आधार मोजण्याच्या वेगळ्या चाचणीचा.

बाकी सजावट. गाठीभोवती फांद्या फिरवल्या तर नातं बदलत नाही, तेव्हा क्रम खुशाल नीट लावा. क्लॅडोग्राम, म्हणजे फक्त नात्याचा क्रम दाखवणारं झाड, केलात तर फांद्यांच्या लांबीला अर्थ उरत नाही, मग खालची मोजपट्टीही काढा. मी परीक्षकासमोर ती विसरलो होतो आणि पहिला प्रश्न तिच्यावरच आला. चित्र पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये काढा, स्क्रीनशॉट नको. आणि इंकस्केप या चित्रं संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सरकवताना फांदीला धक्का लागू देऊ नका.