इंडियाना जोन्सचा पेहराव रोजच्या वापरात

१९८१ साली आलेल्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटातील इंडियाना जोन्स या साहसी पुरातत्त्वज्ञ नायकाचा पेहराव रोज वापरायचा असेल, तर टोपी, जॅकेट, खांद्यावरची पिशवी आणि चाबूक एकदम अंगावर चढवू नयेत. तसे केल्यास ते सोंग वाटते. चाबूक तर घरीच राहू द्यावा. सुरुवात शर्टापासून करावी, कारण त्या खाकी छटेच्या सुती शर्टाची खरी ओळख खांद्याकडून खाली उतरणाऱ्या दोन उभ्या पट्ट्यांत आहे, आणि ती पट्टी खिशावरूनही सलग दिसली पाहिजे, हे शिंप्याला चित्र दाखवून आवर्जून सांगावे. सोबत गडद तपकिरी सुती पँट आणि घोट्यापर्यंतचे, लेसचे तपकिरी चामडी बूट पुरेसे आहेत.

जॅकेटच्या बाबतीत घाई नको. वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांनी नवे जॅकेट चाकूने आणि तारेच्या ब्रशने घासून जुने केले होते. पण रोज वापरायच्या चामड्यावर हा प्रयोग करण्यापेक्षा वापरलेले, मऊ पडलेले जॅकेट शोधणे मला अधिक योग्य वाटते. उष्ण हवेत ते वगळले तरी काही बिघडत नाही. फेल्टची फेडोरा, म्हणजे ती रुंद काठाची टोपी, मात्र जपावी लागते: ती काढताना वरच्या चिमटलेल्या भागाला धरू नये, काठाला धरावी, आणि ठेवताना उलटी ठेवावी, म्हणजे काठाचा बाक मोडत नाही.